लॉट नंबर अकरा

ट्रंकेची किल्ली माई, म्हणजे आमची आजी, गेली तेव्हाच हरवली, म्हणजे १९९४ साली. त्यानंतर ट्रंक माळ्यावर पडून होती. तिच्यावर गणपतीचं मखर, मखरावर बंद पडलेला मिक्सर. सोसायटी पुनर्विकासाला गेली, घर रिकामं करायला दोन महिन्यांची मुदत मिळाली, तेव्हा भावानं कुलूप तोडलं.

आत काय असणार हे आम्हाला ढोबळ माहीत होतं. आमचे आजोबा, अण्णा, कादंबरीकार. नाव लिहीत नाही, सगळ्या वारसांचं तसं ठरलंय. एवढं सांगते की त्यांच्या एका कादंबरीतला उतारा शाळेच्या पुस्तकात होता आणि अजूनही बँकेत कुणी वयस्कर माणूस फॉर्मवरचं आडनाव वाचून 'तुम्ही त्यांच्या कोण?' असं विचारतो. ट्रंकेत पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेल्या दोन कादंबऱ्या निघाल्या, माईच्या घरखर्चाच्या वह्या आणि नाडीनं बांधलेले पत्रांचे गठ्ठे. पुस्तकं कपाटात होतीच, शंभरेक, बहुतेकांवर कुणाचं ना कुणाचं 'सप्रेम भेट'. शाळेच्या पुस्तकात गेलेल्या कादंबरीचं हस्तलिखित मात्र नव्हतं. अण्णा नक्कल ठेवत नसत. कागद छापखान्यात गेले की जुळाऱ्यांमध्ये, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांमध्ये, वाटले जात आणि परत येत ते गठ्ठ्यानं, किंवा येतच नसत.

विकायचं आमच्या डोक्यात नव्हतं, हे आधी सांगते, कारण पुढे नातेवाइकांनी काय काय ऐकवलं. आम्हाला देऊन टाकायचं होतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे. ते मी पाहून आले होते आणि असंच काहीतरी, अगदी एखादं कपाट, एवढीच अपेक्षा होती. एका संस्थेनं सांगितलं, घेऊ, पण कपाट तुमचं आणि देखभालीसाठी देणगीही तुमची. दुसरी संस्था आनंदानं घ्यायला तयार होती. सहज म्हणून मी त्यांचा हस्तलिखित विभाग बघायला गेले. जिन्याखाली सिमेंटच्या गोण्यांमध्ये कागद भरून ठेवले होते आणि वरच्या नळाचं पाणी भिंतीवरून झिरपत होतं. तिथल्या बाई स्वतःच ओशाळल्या. 'माणसंच नाहीत हो ताई,' म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. पण मी तिथे अण्णांचा कागद ठेवू शकत नव्हते.

लिलावाची कल्पना भावाची. काकांनी फोनवर एकच वाक्य टाकलं, 'सरस्वतीचा बाजार मांडा आता.' आणि फोन ठेवला. हे २०२५ च्या जूनमधलं. त्याच महिन्याच्या शेवटी मुंबईच्या एका लिलावात रवींद्रनाथ ठाकुरांची समाजशास्त्रज्ञ धूर्जटीप्रसाद मुखर्जींना लिहिलेली ३५ पत्रं, १४ पाकिटांसकट, सुमारे ५.९ कोटींना गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काकांचा फोन. 'आपल्याकडे एकूण पत्रं किती आहेत ग?'

मी म्हटलं, 'काका, ते रवींद्रनाथ.'

'अगं हो, पण अण्णाही काही कमी नव्हते.'

लिलावसंस्थेकडून एक तरुण मुलगी आणि त्यांचे कागदतज्ज्ञ असे दोघं आले. संस्थेचंही नाव घेत नाही. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही असं नाही, पण ती पुढे. आल्या आल्या त्या गृहस्थांनी तीन गोष्टी सांगितल्या. घड्या मोडायला इस्त्री फिरवायची नाही, फाटलं असेल तिथे सेलोटेप लावायचा नाही आणि प्लास्टिकच्या पिशव्या आजच काढायच्या, कारण दमट हवा आत कोंडली की बुरशी धरते. टाचण्या काढताना ते श्वास रोखून बसायचे. टाचणी गंजून कागदात रुतलेली असते. ती ओढायची नाही, आधी दोन्ही बाजूंनी पोलादी पट्टी सरकवून सोडवायची. टाचणी निघाली की तिच्या आकाराचा तपकिरी डाग कागदावर राहतो. एका सकाळी त्यांनी अठ्ठावीस टाचण्या काढल्या आणि वाटीत टाकल्या. ती वाटी मी अजून ठेवली आहे, का ते विचारू नका.

मग पहिल्या कादंबरीचं पहिलं पान पुढे आलं आणि त्यांचा चेहरा पडला. काकांनी ते माई असतानाच लॅमिनेट करून आणलं होतं. टिकावं म्हणून. गरम करून चिकटवलेला थर कागद न फाटता निघत नाही, असं ते गृहस्थ हळू आवाजात म्हणाले. काका समोरच बसले होते. त्या दिवशी ते जेवायला थांबले नाहीत.

आमच्या कामाचा मोठा भाग होता यादी. प्रत्येक पत्राला एक ओळ : कुणाचं, कुणाला, केव्हाचं, कशाबद्दल. चाळीस वर्षं ती पत्रं आमच्या घरात होती आणि आम्ही एकही वाचलं नव्हतं. विकायला काढली म्हणून वाचली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

'केव्हाचं' हा रकाना भरता भरता नाकी नऊ आले. अण्णा १९४४ ते १९६६ नोकरीसाठी मुंबईला, गिरगावात एका खोलीत. माई मुलांना घेऊन सातारा जिल्ह्यातल्या गावी. दोघंही तारीख घालायची ती तिथीनं. 'श्रावण व. ५, मंगळवार.' शक नाही, साल नाही. मग जुनी पंचांगं काढून त्या तिथीला मंगळवार कोणत्या वर्षी येतो ते बघायचं. पोस्टाच्या शिक्क्यावरून कधी कळायचं, बहुतेकदा शिक्का पुसट. त्या मुलीनं मला युक्त्या शिकवल्या. तिकिटावर 'नये पैसे' असेल तर पत्र एप्रिल १९५७ नंतरचं, आणि 'नये' १९६४ मध्ये गेले. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही. आत्याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. वय ८३, थोरली लेक. एक पत्र ऐकलं की सांगायची, 'यात तांबू गाय व्यालीय ना, म्हणजे मी चौथीत होते. बावन्न साल.' यादीत त्या पत्रापुढे आम्ही '१९५२, कौटुंबिक स्मृतीनुसार' असं लिहिलं. 'तांबूमुळे' असं लिहिणं संस्थेला परवडणारं नव्हतं.

फेब्रुवारी १९४८ चं पत्र मात्र न विचारता ओळखू आलं. गांधीहत्येनंतर सातारा-सांगली-कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यात आमच्या गावातलंही घर होतं, एवढं ऐकून माहीत होतं. अण्णा मुंबईत अडकलेले. त्यांचं कार्ड चार ओळींचं. 'मुलं कुशल असल्याचं कळलं. काय राहिलं ते सवडीनं कळवणे. कागदांचं मी विचारत नाही.' माईचं उत्तर पाठकोऱ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी. आधी जळलेल्या वस्तूंची यादी, वाण्याची यादी करावी तशी. 'माडी गेली. पाळणा गेला. मोठं पातेलं सापडलं, बूड गेलंय, कल्हईवाल्याला दाखवते.' आणि शेवटी, मायन्याच्या वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात : 'तुमची कादंबरी गोठ्यात गवतात ठेवली होती. कडेनं करपली आहे, मधलं वाचता येतं.'

मी उठून ट्रंकेतलं पहिल्या कादंबरीचं बाड आणलं. १९४७ चं. त्याच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत तपकिरी काळा पट्टा होता, बोट लावलं की भुगा पडायचा. आम्ही सगळे त्याला वाळवी समजत होतो. कागदतज्ज्ञांनीही आपल्या तक्त्यात 'कडांना नुकसान' असं लिहून ठेवलं होतं.

ही दोन्ही एकत्र जावीत असं मी तेव्हाच म्हटलं. एकच लॉट करा, म्हणजे एकत्रच विकायचा गठ्ठा. इथे माझी तक्रार. संस्थेचं गणित वेगळं होतं : हस्तलिखित घेणारा गिऱ्हाईक निराळा, पत्रं घेणारा निराळा, एकत्र केलं तर दोघंही बिचकतात. हस्तलिखित लॉट नंबर तीन झालं, पती-पत्नीचा पत्रव्यवहार लॉट नंबर अकरा. कॅटलॉगमध्ये तीनच्या खाली 'पाहा : लॉट ११' अशी ओळ टाकली, हेच त्यांच्या दृष्टीनं खूप. इंग्लंडमध्ये ब्राँटे भगिनींची हस्तलिखितं असलेला ऑनर्सफील्ड संग्रह २०२१ मध्ये लिलावाला निघाला होता, तेव्हा वाचनालयांच्या मित्रमंडळानं दीड कोटी पौंड जमवून तो अख्खा उचलला आणि निरनिराळ्या सार्वजनिक संग्रहांना दिला. मी त्या मुलीला हे ऐकवलं. ती हसून म्हणाली, 'मॅडम, असा कुणी असेल तर नंबर द्या ना मला.'

कायद्याची बाजू भावाच्या मित्रानं, वकील आहे तो, समजावली. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोल असलेलं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांपेक्षा जुना असेल तर तो पुरावशेष. इतर वस्तूंना ही मर्यादा १०० वर्षं. म्हणजे २०२५ मध्ये आमच्या ट्रंकेच्या मधून एक रेघ जात होती : १९५० च्या आधीचं पुरावशेष, नंतरचं निव्वळ जुनं. आणि ती रेघ दर वर्षी एक साल पुढे सरकते. देशातल्या देशात विकायला आडकाठी नाही. विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे परवाना लागतो, तो संस्थेकडे होता. पण देशाबाहेर न्यायचं नाही.

हे न्यू जर्सीच्या चुलतभावाला झोंबलं. त्याला अण्णांची दोन पत्रं फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची होती आणि त्यानं निवडलेली दोन्ही नेमकी रेघेच्या आधीची. 'बॅगेत कपड्यांमध्ये टाकतो, कुणाला कळतंय?' म्हणाला. वकिलानं सहा महिने ते तीन वर्षं कैद असं सांगितल्यावर गप्प झाला. शेवटी त्यानं १९६१ चं एक पत्र नेलं, त्यात बहुतेक सगळं रॉकेलबद्दल आहे.

दुसरी गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा. विकत घेणाऱ्याला कागद मिळतो, छापायचा अधिकार मिळत नाही. अण्णा १९८१ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवर वारसांचा हक्क २०४१ संपेपर्यंत. पण जे त्यांच्या हयातीत छापलंच नाही त्याची ६० वर्षं पहिल्यांदा छापल्यापासून मोजायची. आणि अण्णांना आलेल्या दुसऱ्या लेखकांच्या पत्रांचा हक्क त्या त्या लेखकांच्या वारसांकडे. त्यामुळे कॅटलॉगमध्ये अशा पत्रांच्या फोटोत मजकूर धूसर केला, नुसती सही दिसेल एवढं ठेवलं. वकील अजून एक कलम सांगून गेला : मूळ हस्तलिखित पुढे दहा हजारांवर पुन्हा विकलं गेलं तर लेखकाच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. काकांनी लगेच डायरीत लिहून घेतलं. असा वाटा मिळालेला माणूस पाहिलास का, असं विचारल्यावर वकील चहा पिऊ लागला.

पुस्तकांची गंमत वेगळी. अण्णांना भेट आलेल्या पुस्तकांवर काय काय लिहिलेलं! 'ज्यांच्या लेखणीपुढे आम्ही नतमस्तक' वगैरे. अशा एका जाड कादंबरीत बत्तिसाव्या पानापुढची पानं जोडलेलीच होती. म्हणजे अण्णांनी दोन फॉर्म, छपाईचे सोळा-सोळा पानांचे दोन भाग, कापून वाचले आणि सुरी खाली ठेवली ती ठेवलीच. कॅटलॉगमध्ये 'पानं न कापलेली, उत्तम स्थिती' असं आलं. लेखकाच्या घरच्यांनी ते वाचलं नसेल अशी आशा आहे.

पण खरा जीव अण्णांनी माईला दिलेल्या प्रतींमध्ये. प्रत्येक कादंबरीची पहिली प्रत तिला. आत लिहिलेलं, 'चुका काढणे.' आणि माई अक्षरशः चुका काढायची, शिसपेन्सिलीनं, समासात. 'पान ११२ : संक्रांतीला कैऱ्या कुठून आल्या?' मी उठून दुसरी आवृत्ती काढून पाहिली. पान ११२ वर बोरं आहेत. त्या मुलीनं ते पुस्तक दहा मिनिटं हातातून सोडलं नाही आणि जाताना अंदाजित किंमत दुप्पट करून गेली.

आता अकरा नंबर. आधी त्यात सहासष्ट पत्रं होती. यादीच्या ओळी आत्याला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं, तिचे डोळे गेलेत. १९६४ च्या पाच पत्रांपाशी मी अडखळले. आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, मला हे माहीतच नव्हतं. अण्णा आणि माई त्याबद्दल एकमेकांना लिहीत होते. कुणी काय निरोप धाडला, माईनं कुणाचे पाय धरले, अण्णांनी मुलाच्या बापाला काय लिहिलं. अण्णांच्या पत्रात एक ओळ आत्याच्या रंगाबद्दल होती. मी ती गाळायला बघितली. आत्या म्हणाली, 'थांबलीस का? वाच.' वाचली.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'याला किती लावलेत?'

'वेगळे नाहीत ग. सगळ्या गठ्ठ्याला दीड ते दोन लाख.'

'म्हणजे भागिले सहासष्ट, गुणिले पाच.' शाळेत गणित शिकवायची ती. 'अकरा ते पंधरा हजार. बरं आहे. काढ ती बाहेर.'

काढली. संस्थेनं कुरकुर केली. उरलेल्या पत्रांत नोव्हेंबर १९६४ चं एक पत्र 'तुमच्या मागील पत्रातील मजकूर वाचून रात्री झोप नाही' असं सुरू होतं आणि मागील पत्र गायब, हे कुणाच्याही लक्षात येणार. म्हणून कॅटलॉगमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं : '६१ पत्रं. क्रमातील काही पत्रं कुटुंबानं राखून ठेवली आहेत.' सगळ्या वारसांची संमतिपत्रं, न्यू जर्सीच्या भावाची वकिलातीसमोर सही, विक्रेत्याकडून घ्यायचं कमिशन, विमा, फोटोंचा खर्च, हे होत होत नोव्हेंबर उजाडला.

लिलाव ऑनलाइन होता. म्हणजे हातोडा नाही, ठोकणारा माणूस नाही, भारदस्त सभागृह तर नाहीच. भावाच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी पोह्यांच्या बश्या. प्रत्येक लॉटसमोर घड्याळ उलटं चालतं आणि शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की अजून दोन मिनिटं वाढतात. बोली लावणाऱ्याचं नाव नाही, नुसता आकडा. तीन नंबरला संध्याकाळपर्यंत एकच बोली होती, राखीव किमतीएवढी, म्हणजे जिच्याखाली विकायचंच नाही त्या किमतीएवढी, दोन लाख. शेवटच्या मिनिटाला एक नवा आकडा घुसला आणि मग घड्याळ अकरा वेळा वाढलं. काका दर वाढीला 'अरे!' म्हणत होते. ५ लाख २० हजारांना थांबलं. काकांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. लॅमिनेट केलेलं पान त्यातच होतं.

संक्रांतीची कैरी ९० हजारांना गेली. घरखर्चाच्या वह्यांना कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं, त्या १ लाख १० हजारांना गेल्या. दुसरी कादंबरी, अण्णांची अखेरची, जिच्यावर त्यांनी नऊ वर्षं घालवली, तिला एकही बोली आली नाही. ती परत आली, माझ्याकडे आहे. अकरा नंबर ३ लाख ४० हजार. आणि मी रात्रभर ज्याची वाट पाहत होते ते झालं नाही : तीनचा आकडा आणि अकराचा आकडा वेगवेगळे होते. करपलेली कादंबरी एकाकडे गेली आणि ती का करपली हे सांगणारा कागद दुसऱ्याकडे. त्या दोन घरांना एकमेकांचा पत्ता आम्हीही देऊ शकत नाही, संस्था नावं सांगत नाही. मी दोन्हींचे फोटो काढून ठेवलेत, तेवढंच.

पैसे सव्वा महिन्यानं आले, कमिशन वजा होऊन. सीएनं पत्रं ही कलावस्तू धरायची की घरातली वैयक्तिक चीज, यावर दोन बैठका घेतल्या आणि शेवटी कर भरून मोकळे व्हा असं सांगितलं. तीन वाटे झाले. आत्याचा वाटा तिच्या रात्रीच्या बाईच्या पगाराला लागलाय.

जानेवारीत संस्थेतून त्या मुलीचा फोन आला. अकरा नंबर ज्यांनी घेतला ते अभ्यासू गृहस्थ आहेत, म्हणाली. सगळी पत्रं लावून वाचली त्यांनी. मधली पाच कुटुंबाकडे आहेत ती विकत घ्यायची तयारी आहे, वेगळी किंमत देतील, नाहीतर निदान झेरॉक्स. तुम्ही आकडा सांगा.

मी स्पीकर लावून आत्यासमोर फोन धरला होता. ती शेंगा सोलत होती. हाताला सवय आहे, डोळे लागत नाहीत.

'त्यांना म्हणावं,' ती म्हणाली, 'बोली अजून राखीव किमतीला पोचलेली नाही.'

'किती आहे राखीव, आत्या?' त्या मुलीनं फोनमधून विचारलं.

आत्यानं शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. 'कुजक्या वेगळ्या काढ ग.'